आतला टेकू

१

रोज सकाळी साडेआठला थोरली प्रयोगशाळेचं कुलूप काढायची, पांढरा कोट अंगात अडकवायची आणि सगळ्यात आधी गरम पाण्याच्या टाकीत मनगट बुडवून बघायची. टाकीवर लाल आकडा असायचाच, सदतीस. पण चोवीस वर्षांच्या नोकरीत आकड्यापेक्षा मनगटावर तिचा भरवसा जास्त बसला होता. मग ती उबदार कपाटातून पेशींच्या डिशा काढायची आणि एकेक मायक्रोस्कोपखाली ठेवून गवळ्याने गाईकडे बघावं तशी बघायची. खाल्लंय का, तब्येत बरी आहे का, आज काही हाताला लागेल का.

तिचं काम होतं पेशींचे सांगाडे रंगवायचं. घरी आईला तिने ते कधीतरी समजावून सांगितलं होतं. आई जन्मभर शिवणकाम करणारी बाई, तिला हातात धरता येत नाही ते पटायचं नाही.

"पेशी म्हणजे पाण्याची पिशवी नव्हे," थोरली म्हणाली होती. "नुसती पिशवी असती तर पसरून गेली असती. तिला आतून टेकू असतात. प्रथिनांच्या बारीक विटा असतात बघ. त्या दोन-दोन जुळतात, जोड्या एकापुढे एक लागतात, अशा तेरा रांगा शेजारी उभ्या राहिल्या की पोकळ नळी होते. दुसऱ्या जातीच्या विटांचे पीळ घातलेले दोर होतात. नळ्या आणि दोर मिळून सांगाडा."

"हाडांसारखा?"

"हाडं कायमची असतात. हा कायमचा नाही. एका टोकाला विटा लागत असतात, दुसऱ्या टोकाच्या निघत असतात. निघालेल्याच पुन्हा पुढे लावायच्या. पेशी सरकते तीसुद्धा अशीच. मागची परांची सोडवायची आणि पुढे बांधायची."

आईने सुईत दोरा ओवता ओवता मान हलवली. "म्हणजे शिवायचं आणि उसवायचं."

"तेच."

"आणि उसवायचं जास्त झालं तर?"

"तर पसरते," थोरली म्हणाली, आणि दोघी हसल्या.

२

धाकटा परत आला तो एका मंगळवारी, भर सकाळी.

अकरा वर्षांपूर्वी तो घरातून गेला होता तेव्हा पंचवीस वर्षांचा होता. तीन नोकऱ्या सोडून झाल्या होत्या, चौथी मिळत नव्हती. त्या दिवशी आईच्या तोंडून निघून गेलं, "माझ्या जिवावर किती दिवस उभा राहणार आहेस? स्वतःच्या पायावर उभा राहा, मग ये." कुठल्या आईने हे वाक्य कधी म्हटलं नसेल? पण धाकट्याने ते उचललं आणि दाराबाहेर पडला. पहिली दोन वर्षं पोलीस, वर्तमानपत्रं, दवाखाने सगळं झालं. नंतर फक्त एवढंच राहिलं, की आई दाराला आतून कडी लावेना. थोरलीने शंभरदा सांगून पाहिलं.

त्या मंगळवारी थोरली घरातून निघायच्या बेतात होती. आईने दार उघडलं आणि दारातच थांबली, म्हणून थोरली मागून आली. दाराच्या चौकटीला पाठ लावून धाकटा उभा होता. वाळला होता, केस विरळ झाले होते, पण तोच होता. डाव्या भुवईतला लहानपणचा तुटका भागही जागच्या जागी.

"ताई," तो म्हणाला. "जाड झालीस."

थोरली रडली. आई रडली नाही. तिने त्याचा हात धरला, अंगठ्याने त्याचा पंजा दाबून पाहिला, कापड दाबून बघायची तसा, आणि म्हणाली, "ये आत."

पुढचे दिवस सणासारखे गेले. तो कुठे होता हे विचारलं तर तो "असाच होतो" म्हणायचा, आणि आई डोळ्यांनी थोरलीला गप्प करायची. थोरलीच्या एक गोष्ट लक्षात आली, पण त्या आनंदात ती कोण मोजत बसणार. धाकटा कधीही मोकळा उभा राहत नसे. स्वयंपाकघरात आला की ओट्याला टेकायचा, खोलीतून खोलीत जाताना भिंतीला हात लावत जायचा. बसला तर कोपऱ्यातल्या खुर्चीत, जिथे दोन बाजूंनी भिंत आहे. आणि आई जवळ आली की तिच्या खांद्यावर हात टाकायचा. आईला त्याचं केवढं कौतुक. बहात्तर वर्षांची बाई, छत्तीस वर्षांच्या मुलाचा भार खांद्यावर घेऊन घरभर हिंडायची.

अशक्तपणा आहे, थोरली म्हणाली. कुठे काय खाल्लं असेल बिचाऱ्याने. अंगावर मांस चढलं की होईल सरळ.

३

प्रयोगशाळेत निरोगी माणसांच्या पेशींची कायम चणचण असे. तिथल्या बहुतेकांनी कधी ना कधी दंडाची टाचणीच्या डोक्याएवढी कातडी दिलेली होती. थोरलीच्या पेशी तर तिथे होत्याच, आणि घर सोडायच्या आधी एकदा गंमत म्हणून आलेला धाकटाही देऊन गेला होता. त्या जुन्या पेशी अजून गोठवलेल्या होत्या.

"आता पुन्हा दे," ती म्हणाली. "त्याच माणसाच्या अकरा वर्षांनंतरच्या पेशी. अशी जोडी शोधून मिळत नाही. दुखायचं नाही."

"मला काही दुखत नाही," धाकटा म्हणाला, आणि बाही वर केली.

खरंच दुखलं नसावं. त्याने पाहिलंदेखील नाही. थोरलीला मात्र सुई टोचताना हाताला काहीतरी वेगळं लागलं. कातडी ताणून सोडली तरी मागे येत नव्हती. नेली तिकडे गेली आणि राहिली.

तो तुकडा डिशमध्ये ठेवला आणि तीन आठवड्यांत पेशी भरपूर वाढल्या. साध्या उजेडात चांगल्या लांबट, टोकदार, जशा असाव्यात तशा. एका सकाळी तिने त्या काचेवर पक्क्या केल्या आणि रंगवायला घेतल्या. सांगाड्याला हिरवा रंग, केंद्राला निळा. शेजारच्या काचेवर तुलनेसाठी स्वतःच्या पेशी. ही तिची रोजची रीत.

मायक्रोस्कोपच्या खोलीत दिवा बंद करून काम चालतं. खोलीला खिडकी नाही, पंखा नाही, फक्त यंत्राची बारीक घरघर. तिने आधी स्वतःची काच पाहिली. प्रत्येक पेशीत केंद्रापासून निघून कडेपर्यंत गेलेल्या हिरव्या नळ्या, कोळ्याने नुकतंच जाळं विणावं तशा. मग धाकट्याची काच सरकवली.

निळी केंद्रं दिसत होती, जागोजाग, काळोख्या रानातल्या दिव्यांसारखी. हिरवं काहीच नव्हतं.

तिने उजेड वाढवला, काच पुढेमागे केली. साधा उजेड लावला तर पेशी स्पष्ट दिसत होत्या, हात-पाय पसरून घट्ट बसलेल्या. पुन्हा हिरव्यासाठी काळोख केला की आत काही नाही. आकार होता. आकार धरून ठेवणारं काही नव्हतं.

"रंग फुकट गेला," ती स्वतःशीच मोठ्याने बोलली. त्या बंद खोलीत तिला आपलाच आवाज आवडला नाही.

४

बाई हाडाची शंकेखोर. भुताखेतांवर तिचा विश्वास नव्हता, आणि तिच्या मते अर्ध्याहून अधिक चमत्कार बाटलीवरची तारीख न वाचल्याने होतात. तिने तारीख वाचली. नवी बाटली फोडली. पुन्हा रंगवलं. स्वतःच्या पेशींत जाळं लखलखीत, धाकट्याच्या पेशींत शून्य. दुसऱ्या जातीच्या विटांचा रंग लावला, दोरांचा. तेही नाहीत.

मग तिने गोठवणीच्या टाकीतून त्याच्या अकरा वर्षांपूर्वीच्या पेशी काढल्या आणि वाढवून रंगवल्या. काय सुंदर सांगाडा होता पोराचा.

तिने दोन्ही काचा मॅडमसमोर ठेवल्या. मॅडम प्रयोगशाळेच्या प्रमुख, थोरलीहून दहा वर्षांनी लहान, हुशार आणि कमी बोलणाऱ्या.

"असं असू शकत नाही," मॅडम म्हणाल्या. "सांगाड्याशिवाय पेशीचे दोन भाग होणार कसे? आणि तुमच्या तर वाढतायत."

"मीही तेच म्हणते."

"मग अदलाबदल झालीय. भलत्याच कशाच्या तरी पेशी आहेत या. ओळख तपासायला पाठवा. आणि ताई, घरच्या माणसाचं स्वतः बघू नये. दुसऱ्या कुणाकडे द्या."

ओळखीची तपासणी चार दिवसांनी आली. कागदावर एकच ओळ कामाची होती. दोन्ही नमुने एकाच व्यक्तीचे.

मॅडमनी कागद दोनदा वाचला. "टाकून द्या," त्या म्हणाल्या. "नव्याने सुरू करू." कागद परत देताना त्यांनी तो टेबलावरून सरकवला, थोरलीच्या हातात दिला नाही.

५

याच सुमाराला आईच्या हातून कात्री पडायला लागली.

आईची कात्री म्हणजे लोखंडी, जड, तिच्या लग्नाआधीची. त्या कात्रीने तिने दोन मुलांचं शिक्षण केलं. एका संध्याकाळी थोरली घरी आली तर आई टेबलाशी बसून कापडाकडे बघत होती आणि कात्री जमिनीवर होती.

"उचलून दे गं."

थोरलीने दिली. आईने बोटं कड्यांत घातली, आणि कात्रीच्या वजनाने बोटं खाली वाकली. सांध्यात वाकली असती तर गोष्ट वेगळी. ती मधूनच वाकली, ओल्या वातीसारखी. क्षणभरच. आईने लगेच दुसरा हात वर ठेवला.

"वय झालं," ती म्हणाली.

थोरली तिला डॉक्टरांकडे घेऊन गेली. डॉक्टरांनी फोटो काढून उजेडासमोर धरले. "हाडं ठणठणीत आहेत आजींची. माझी इतकी चांगली नसतील." त्यांनी आईचा दंड दाबला. बोटं काढली तरी खळगा तसाच राहिला. डॉक्टर त्या खळग्याकडे बघत राहिले आणि मग सूज असावी म्हणून गोळ्या लिहून दिल्या.

परत आल्या तेव्हा दार धाकट्याने उघडलं. खोलीच्या मध्यभागी चालत आला, भिंतीला हात न लावता. ताठ.

"छान दिसतोयस," थोरली म्हणाली.

"आईच्या हातचं खातोय," धाकटा म्हणाला. त्याने आईला धरून आत नेलं. आता तो आईला टेकत नव्हता. तरी हात मात्र तिच्या खांद्यावरच होता, आणि थोरलीला दिसलं, की त्याच्या तळव्याखाली आईचा खांदा तळव्याच्या आकाराचा झाला होता.

६

मॅडमनी टाकायला सांगितलेल्या डिशांपैकी एक थोरलीने टाकली नव्हती. चोवीस वर्षांत तिने ऐकलं नाही असं हे पहिलंच.

तिच्या स्वतःच्या पेशींचा एक प्रकार तिथे होता, ज्यातल्या विटांना मुळातच हिरवा प्रकाश जोडलेला होता. रंगवायची गरज नाही, जिवंत पेशीत सांगाडा उभा राहताना दिसतो. तिने त्या पेशी आणि धाकट्याच्या पेशी एकाच डिशमध्ये सोडल्या, रात्रभर त्यांना बसू दिलं, आणि सकाळी डिश यंत्राखाली ठेवून मिनिटाला एक चित्र अशी घड्याळाची सोय लावली. मग स्टुलावर बसून राहिली. इतर लोक सकाळच्या चहाला गेले. बाहेरून त्यांच्या हसण्याचा आवाज येत होता, कुणीतरी खुर्ची ओढत होतं.

पडद्यावर तिची एक पेशी होती, हिरव्या जाळ्याने भरलेली. शेजारी धाकट्याची, काळी, फक्त कडेची पुसट रेघ. अकरा वाजून वीस मिनिटांनी काळ्या पेशीची कड पातळ होऊन पुढे आली आणि हिरव्या पेशीला टेकली. एवढंच. ढकललं नाही, फोडलं नाही. टेकली.

नळ्या लांबच्या टोकापासून उसवायला लागल्या.

थोरलीने हजारो वेळा नळ्या मोडताना पाहिल्या होत्या, तो पेशीचा श्वासच आहे. मोडतात आणि पुन्हा उभ्या राहतात. या पुन्हा उभ्या राहिल्या नाहीत. स्वेटरचा धागा ओढावा तशी ओळीमागून ओळ गेली, आणि जिथे दोन पेशी टेकल्या होत्या तिथून पलीकडे, त्या काळोखात, हिरवा ठिपका दिसला. मग ठिपक्यांची माळ, मग रेघ. बारा वाजेपर्यंत धाकट्याच्या पेशीत केंद्रापासून कडेपर्यंत सांगाडा उभा होता, सुबक, घट्ट. त्यातली एकूण एक वीट थोरलीची होती.

आणि तिची पेशी? तिने साधा उजेड लावून पाहिली. ती मेली नव्हती. मेली असती तर आक्रसून सुटली असती. ती काचेवर सपाट पसरली होती, ओलं फडकं टाकावं तशी, आणि त्या फडक्याच्या आत बारीक बारीक कण अजून इकडून तिकडे जात होते. जगत होती.

थोरलीने यंत्र बंद केलं. मग पुन्हा वाकून दिवा विझला आहे ना ते पाहिलं, आणि घरी निघाली. बसने दोन थांबे गेल्यावर तिला आठवलं, की अंगात अजून पांढरा कोट आहे.

७

आई झोपायच्या खोलीत उशांना टेकून बसली होती. बाहेरच्या खोलीत धाकटा खिडकी पुसत होता, फडक्याचा काचेवर घासल्याचा आवाज येत होता.

"तू माझ्याबरोबर चल," थोरली हळू आवाजात म्हणाली. "मोठ्या गावच्या इस्पितळात. फक्त तू आणि मी."

"कशाला?"

थोरलीने सांगितलं. काच, हिरवा, काळा, सगळं. सांगून झाल्यावर थोरलीला वाटलं, आता आई म्हणेल तुझं डोकं फिरलंय. तसं म्हणाली असती तर किती बरं झालं असतं.

"मला ठाऊक आहे," आई म्हणाली. "पहिल्या दिवशी हात धरला तेव्हाच कळलं. वाळत घातलेला सदरा असतो ना दोरीवर, वाऱ्याने फुगलेला, तसा होता तो."

"मग आत का घेतलंस?"

"मीच म्हटलं होतं त्याला, स्वतःच्या पायावर उभा राहा. ते काही त्याला जमलं नाही. कुठे कुठे प्रयत्न केले असतील पोराने, आणि काय काय गेलं असेल त्यात. म्हणून काय दाराबाहेर ठेवू?"

"आई, तो तुला संपवतोय."

"पोटात होता तेव्हा नऊ महिने काय करत होता?"

फडक्याचा आवाज थांबला होता. थोरलीने वळून पाहिलं तर धाकटा दारात उभा होता. चौकटीला न टेकता.

"मी मुद्दाम करत नाही, ताई," तो म्हणाला. त्याचा चेहरा खरोखर उतरला होता. लहानपणी काच फुटली की असाच व्हायचा. "मी लांब झोपायचा प्रयत्न केला. हात बांधून घेतले एकदा. सकाळी उठलो तर आईच्या खोलीत होतो."

"मग जा इथून."

"जातो," धाकटा लगेच म्हणाला. आणि आईकडे बघितलं.

"कुठे जाशील," आई म्हणाली. "जिन्यावरच पडशील."

त्या रात्री थोरली आईच्या दाराशी खुर्ची टाकून बसली, आतून कडी लावून. काही झालं नाही. पहाटे बाहेरून एकदा कडीशी हलका स्पर्श झाल्यासारखा वाटला, इतकंच. सकाळी तिने अकरा वाजताची गाडी ठरवली आणि धाकट्याला घरातून बाहेर काढून, दाराला बाहेरून कुलूप घालून, दोन तासांसाठी प्रयोगशाळेत गेली. रजेचा अर्ज द्यायचा होता, आणि ती डिश नष्ट करायची होती. धाकटा जिन्याच्या पायरीवर बसून राहिला.

८

डिशवर जंतुनाशक ओतायच्या आधी तिने एकदा बघितलं. बघायला नको होतं.

धाकट्याच्या पेशी होत्या तशाच होत्या, हिरव्या आणि ताठ. पण काल जी तिची स्वतःची पेशी फडक्यासारखी पसरली होती, ती रात्रीत कडेने सरकत सरकत शेजारच्या एका धडधाकट पेशीपर्यंत गेली होती. तीही थोरलीचीच. आणि तिला टेकली होती. पसरलेल्या पेशीत पुन्हा नळ्या उभ्या राहत होत्या, आणि शेजारची उसवत होती. धाकट्याची पेशी आसपास कुठेही नव्हती. रिकामं झालेलं आता स्वतःच मागायला शिकलं होतं.

थोरलीने बाटली पालथी केली आणि नळाखाली कोपरापर्यंत हात धुतले.

पावणेअकराला ती गाडी घेऊन घरी पोचली. चालकाला खाली थांबायला सांगितलं. जिन्याच्या पायरीवर धाकटा नव्हता. वर जाताना तिला शिलाई मशीनचा आवाज ऐकू आला, लयीत, मध्ये एकदाही न अडखळता, आईचा असायचा तसा. किती दिवसांनी. तिच्या जिवात जीव आला. दोन-दोन पायऱ्या टाकत ती वर गेली.

कुलूप जागच्या जागी होतं. तिने उघडलं.

मशीनवर धाकटा बसला होता, पाठ सरळ, मान जराशी डावीकडे कललेली, आई शिवताना कलवायची तशी. सुईखाली कापड एका सरळ रेषेत पुढे जात होतं. त्याने मान वर केली. तो रडत होता, पण हात थांबत नव्हते.

"मी आपणहून नाही आलो आत," तो म्हणाला. "तिने बोलावलं. कसा आलो ते मला माहीत नाही."

थोरली त्याच्यासमोरून निघून आतल्या खोलीत गेली.

पलंगावर चादर होती, आणि चादर जवळजवळ सपाट होती. उशीवर केस होते. केसांच्या मध्ये जे होतं त्याच्याकडे थोरलीने एकदा पाहिलं आणि मग खिडकीकडे पाहत राहिली, समोरच्या घराच्या गच्चीवर कुणीतरी गादी उन्हाला टाकली होती.

"आलीस?" आईचा आवाज आला. आवाज अगदी नेहमीचा होता, थोडा झोपेतून उठल्यासारखा. "खाऊन गेली नव्हतीस सकाळी."

"गाडी आणलीय," थोरली म्हणाली.

"कशी येऊ आता." आवाजात हसू होतं. "घडी घालून नेशील?"

चादरीच्या कडेतून आईचा हात बाहेर आलेला होता. पलंगाच्या काठावरून खाली लोंबत होता, पाची बोटं एकमेकांना चिकटून, धुऊन टाकलेल्या हातमोज्यासारखा. नखं मात्र तीच. अंगठ्यावर कात्रीचा घट्टा तोच. खालून गाडीवाल्याने एकदा भोंगा वाजवला. बाहेर मशीन चालू होतं.

थोरलीला सकाळची डिश डोळ्यांसमोर होती. ती काही अडाणी बाई नव्हती. एक पाऊल मागे, दुसरं पाऊल, मग जिना, मग गाडी, हे सगळं तिला लख्ख दिसत होतं. ती पलंगाशी गुडघ्यांवर बसली आणि तिने तो हात दोन्ही हातांत घेतला. कोमट होता.

"नको गं," आई म्हणाली. "सोड."

"थोडा वेळ," थोरली म्हणाली.

पहिल्यांदा काही नाही. मग तिच्या तळव्यात काहीतरी हललं, वात पाण्यात फुगावी तसं. आईची करंगळी भरली. मग तिच्या शेजारचं बोट. थोरलीच्या कोपरात बारीक मुंग्या आल्या आणि कोपर जरासा खाली झुकला.

"पुरे," आई म्हणाली. आता आवाजात भीती होती, इतके दिवस मुलाला देतानासुद्धा नव्हती ती. "सोड म्हणते ना. सोड माझा हात."

"मी धरलेलाच नाही, आई," थोरली म्हणाली.

तिने बोटं केव्हाच उघडली होती. आईचा आवाज सोड, सोड म्हणत राहिला, आणि आईची बोटं, एकामागून एक, तिच्या मनगटाभोवती आवळत गेली.